दुजेचं पाणी

हसन तांडेलाला वाळूच्या दांड्यावर उतरवलं तेव्हा दुपार कलली होती आणि ओहोटी पुरी झाली होती. होडीतल्या माणसांनी त्याच्या हातात पाण्याची एक बाटली दिली, एक पिस्तूल दिलं आणि होडी मागे वळवली. पिस्तुलात गोळी एकच. तहान सोसवेनाशी झाली की ती स्वतःच्याच कामी यावी, एवढ्यासाठी. कप्तान हॅलकच्या जहाजावरची ती ठरलेली शिक्षा होती. त्याच्या मुलखात अशा उघड्या वाळूवर त्याने अकरा माणसं सोडली होती, असं तो स्वतःच सांगायचा.

मी कठड्याला धरून उभा होतो. दांड्यापासून किनारा अर्धा कोस असेल नसेल, माडांची रांग स्वच्छ दिसत होती. फाल्गुनातली वद्य द्वादशी. मी मनातल्या मनात घटका मोजल्या. सूर्य बुडायच्या आत त्या दांड्यावर कमरेएवढं पाणी चढणार होतं आणि त्यानंतरही चढतच राहणार होतं. हे मला माहीत होतं, तांडेलाला माहीत होतं, आणि जहाजावर दुसऱ्या कुणालाच माहीत नाही असं मला वाटत होतं. मी तोंड उघडलं नाही. ती लाज अजून पोटात आहे, म्हणून सांगायला तिथूनच सुरुवात करतो.

तांडेलाने एकदाच मागे वळून बघितलं. तोंडाशी हात धरून तो आपल्या भाषेत ओरडला, "जिवा, दुजेचं पाणी विसरू नकोस रे."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर ऊन चढलं.

आता आम्ही तिथे कसे आलो ते सांगतो. आमच्या घरात गलबतं बांधायचं काम तीन पिढ्यांचं. मी जिवाजी, मला लोक मेस्त्री म्हणतात. माझा थोरला भाऊ नारू मात्र लाकडात रमला नाही, तो खलाशी झाला. त्या साली नारळ आणि सुंभ भरून हसन तांडेलाचं गलबत उत्तरेला निघालं. वाटेत काही डागडुजी लागली तर असावा म्हणून मीही बरोबर गेलो. नारूदादा धरून खलाशी सहा, तांडेल, मी आणि शेटजींचा कारकून. तिसऱ्या दिवशी सकाळी हॅलकचं जहाज आमच्यावर आलं. आम्ही शीड उतरवलं, लढायला होतं काय आमच्याकडे. तरी कारकून हात जोडून काहीतरी समजावून सांगायला पुढे झाला. हॅलकने त्याचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही. पिस्तूल परत कमरेला खोचताना त्याच्या चेहऱ्यावर रागाची रेघ नव्हती. नंतर आमचं गलबत पेटवलं आणि आम्हाला वर घेतलं. सहा खलाशांना खाली साखळीत घातलं. त्यांना दूर आफ्रिकेच्या बाजूच्या एका बेटावर नेऊन विकायचं ठरलं होतं. वाटा दाखवायला तांडेल आणि लाकूडकामाला मी, असे दोघेच मोकळे राहिलो.

मी पाच वर्षं एका फिरंगी गोदीत काम केलेलं. त्यामुळे मोडकीतोडकी फिरंगी बोलता यायची, आणि ती हॅलकलाही यायची. त्याने पहिल्याच दिवशी मला जहाजाचा कायदा सांगितला. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. सल्ला देणाऱ्याला वाळू. हे सगळं त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं, जणू जेवायला कधी बसायचं ते सांगतोय. तो कधी ओरडायचा नाही. ओरडणाऱ्याची भीती वाटत नाही तेवढी त्याची वाटायची.

वीस दिवस तांडेलाने हा कायदा पाळला. मुळातच तो कमी बोलणारा. तीस वर्षं दर्यावर काढलेला, पाच वेळा नमाज पढणारा शांत माणूस. आणि त्या द्वादशीच्या सकाळी, सगळे खलाशी वर जमलेले असताना, तो चालत हॅलकसमोर गेला आणि फिरंगीत म्हणाला, "कप्तान, तुला समुद्र कळत नाही. तू तळ्यात वाढलेला माणूस आहेस." कुणी विचारलं नव्हतं की काही नाही. माझ्या हातातली मोगरी खाली पडली. एवढ्या वर्षांचं शहाणपण म्हाताऱ्याने एका वाक्यात पाण्यात घातलं, असं वाटून मला त्याचा रागच आला.

हॅलक म्हणाला, "उद्या याच वेळेला येऊन बघू, अजून तेच म्हणतो का."

दुसऱ्या दिवशी जहाज खोल पाण्यात ठेवून तो स्वतः होडीने दांड्यावर गेला. मलाही नेलं. पुन्हा ओहोटी होती आणि दांडा तसाच उघडा होता, पण त्यावर कुणी नव्हतं. बाटली नाही, पिस्तूल नाही. वाळू अशी सपाट की पाटावर पीठ पसरावं. हॅलक कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"पावलंसुद्धा नाहीत," तो म्हणाला.

मी खाली बघत होतो. डोळ्यांत पाणी आलेलं त्याला दिसायला नको होतं. होडीत बेन नावाचा एक म्हातारा खलाशी होता, जहाजावरच्या सगळ्यांना शिधा वाटून द्यायचं काम त्याच्याकडे असायचं. तो खाली वाकला, ओली वाळू चिमटीत घेतली, चोळली आणि टाकून दिली. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून हॅलकने मला जवळ केलं. तांडेल गेला होता आणि किनाऱ्याची माहिती असलेला मीच एक उरलो होतो. शिवाय जहाज गळायला लागलं होतं. तळाच्या लाकडात समुद्रातला किडा शिरला होता, रात्रंदिवस पाणी उपसून माणसं मेटाकुटीला आलेली. जहाज किनाऱ्यावर चढवून, कुशीवर कलंडवून तळ दुरुस्त करण्यावाचून इलाज नव्हता. मी फटी बुजवत बसलो की तो येऊन शेजारच्या पिंपावर बसायचा. माझी तासणी हातात घेऊन तिची धार बघायचा. हत्याराची कदर होती त्याला, खोटं कशाला बोलू. मला मेस्त्री म्हणायचा आणि स्वतःच्या ताटातलं खारवलेलं मांस पुढे करायचा. मी खात नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून भात पाठवायला लागला.

असाच बसलेला असताना त्याने आपली हकीगत सांगितली. पृथ्वीच्या पार पलीकडे, कॅरिबियन म्हणतात त्या समुद्रात उसाच्या मळ्यांची बेटं आहेत. तिथल्या एका मळ्यावर तो जन्मला. बाप चाबकाखाली मेला. हा पळाला आणि चाच्यांच्या जहाजावर भांडी घासायला राहिला. त्यांच्यात कप्तान निवडायची रीत अशी, की सगळ्यांनी जमिनीवर उभं राहायचं आणि हात वर करायचे. ज्याच्या बाजूने हात जास्त, तो कप्तान. त्याचा पहिला कप्तान भला माणूस होता, सगळ्यांचं ऐकायचा. एकदा वादळात एक म्हणाला डावीकडे, दुसरा म्हणाला उजवीकडे. तो दोघांचं ऐकत राहिला आणि जहाज खडकावर गेलं. चाळीस माणसं बुडाली. वाचलेल्यांनी हॅलकसाठी हात वर केले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

"त्या दिवशी ठरवलं, कुणाचं ऐकायचं नाही," तो म्हणाला. "दहा वर्षं झाली. एक जहाज गमावलं नाही."

मग जाळलेली गावं आणि लुटलेली जहाजं बोटांवर मोजत सांगत गेला. एका बंदरातल्या लोकांनी दार उघडायला उशीर केला म्हणून तिथे पुरुष म्हणून एक शिल्लक ठेवला नव्हता. हे सांगतानाही आवाज तसाच. हातातलं काम मी थांबवलं नाही. आपल्या समुद्राबद्दल मात्र तो जरा लाडाने बोलला. म्हणाला, तिकडचं पाणी जागच्या जागी राहतं, चढलं तर हातभर, उतरलं तर हातभर. तिकडे जहाज चढवायचं तर दोर लावून शंभर माणसांनी ओढावं लागतं. तुमच्याकडे बरं, समुद्रच रोज वर उचलून देतो. इकडच्या किनाऱ्याला दोन महिने राहून एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं होतं, पण तेच पाणी तो दांडाही झाकतं हे त्याने जोडून बघितलं नव्हतं.

ते ऐकलं आणि माझ्या हातातली पटाशी थांबली. पाणी रोज चढतं हे त्याला कळलं होतं. रोज सारखं चढत नाही, हे कळलं नव्हतं. आमच्याकडे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल, की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, सगळ्यांत मोठी भरती दुजेला, आणि मग पाणी दिवसेंदिवस कमी कमी होत अष्टमी-नवमीला पार मरगळतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. दुजेच्या भरतीला जी होडी वर चढवली, ती पुढच्या दुजेपर्यंत पाण्याला लागत नाही. पंधरा दिवस वाळूवर.

दुजेचं पाणी विसरू नकोस. तांडेलाच्या डोक्यावर ऊन चढलं नव्हतं तर.

पण कळून काय उपयोग, हे सोपं नव्हतं. त्याच संध्याकाळी हॅलकने मला विचारलं, तुझा कुणी आहे का खाली. मी म्हटलं, भाऊ आहे. घरी वहिनीला सातवा महिना आहे. हे शेवटचं त्याने विचारलं नव्हतं, माझ्या तोंडून निघून गेलं. तो रागावला नाही. म्हणाला, "सहा दिवसांत तळ करून दे. तुझ्या भावाला इथेच किनाऱ्यावर सोडतो. कप्तानाचा शब्द."

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जहाज पंधरा दिवस अडकवून ठेवावं, तर कुणासाठी? किनाऱ्यावर कुणाला आमची खबर नव्हती, आरमाराला कुणी सांगितलं नव्हतं, तांडेल तर माझ्या लेखी मेला होता. पंधरा दिवसांनी जहाज तरंगणारच होतं, आणि तोवर माझी चलाखी उघडी पडून नारूदादाचा जीव पहिला गेला असता. उलट खरं सांगून टाकलं, दूज सोडून अष्टमीला चढवा म्हटलं, तर सहा दिवसांचं काम थोडं अवघड झालं असतं इतकंच, पण दादा सुटला असता. बाकीच्या पाच जणांचं काय, हा विचार मी बाजूला सारला. माणूस आपल्या रक्ताचंच आधी बघतो. सकाळी उठून सगळं सांगायचं असं ठरवलं.

सकाळी मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं, म्हणून नुसता उभा. त्यानेच बोलायला सुरुवात केली. म्हणाला, तळ झाल्यावर लांबचा पल्ला आहे, साखळ्या गंजल्यात. खाली कैद्यांसाठी एक जाड फळी कर, पाय अडकवायची भोकं पाडून. दोन महिने टिकली पाहिजे.

"किती जणांची?" मी विचारलं.

"सहा," तो म्हणाला, आणि नकाशाकडे वळला.

खाली साखळीत होते ते सहाच. दादा धरून सहा.

सुतारापुढे मोजमाप बोलताना माणसाने जपून बोलावं. त्याला वाटलं असणार, हा लाकूड बघेल, आकडा कशाला बघतोय. मी मान हलवली आणि परत येऊन फळी निवडली. सागाची, दोन बोटं जाड. दोन दिवस लागून मी सहा जणांच्या पायांची भोकं कोरली आणि कडा घासून गुळगुळीत केल्या, पायांना काचायला नको म्हणून. आता मला बोलायचंच नव्हतं.

अमावास्या झाली. दुसरा दिवस पाडव्याचा. घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या असतील, वहिनीने कडुनिंबाचा पाला वाटला असेल, असलं काहीबाही मनात येत होतं. जहाज आम्ही आंबेळीच्या खाडीत आत आणलं होतं. वस्ती लांब, दोन्हीकडे खारफुटी, मधे एक छान सपाट पुळण. दुजेला सकाळी हॅलक मला घेऊन तिथे उतरला.

"पाणी कुठवर चढतं?"

मी पुळणीच्या अगदी वरच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. "आज इथवर."

"जहाज इथे बसलं तर खाली सुकं राहील?"

"ओहोटीला पूर्ण सुकं राहील."

त्याला हे फार आवडलं. वर सावली होती, तोफा ठेवायला कोरडी जागा होती. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "आणि काम झाल्यावर सहाव्या दिवशी पाणी येईल?"

"पाणी रोज येतं, कप्तान," मी म्हटलं.

हे खोटं नव्हतं. त्याने विचारलं तेवढंच मी सांगितलं. बेन आमच्या मागे उभा होता. तो विलायतेतल्या कुठल्याशा मोठ्या खाडीवर वाढलेला, हे मला नंतर कळलं. मी उभा होतो तिथे वाळलेलं शेवाळ आणि काटक्या यांची एक ओळ पडलेली होती, आणि तिच्यावर दुसरी ओळ नव्हती. पाणी याच्यापेक्षा वर कधी येत नाही, हे त्यावरून कुणालाही कळावं. बेनने ती ओळ बघितली. माझ्याकडे बघितलं. मग बुटाच्या टाचेने शेवाळ शांतपणे वाळूत दाबत दाबत तो चार पावलं चालत गेला.

भर दुपारी उधाणाच्या पाण्यावर जहाज चढवलं. माणसांनी टोप्या उडवल्या. तोफा उतरवल्या, शिधा उतरवला, कैद्यांना उतरवून साखळीनेच झाडांना बांधलं, जहाज कुशीवर कलंडवलं आणि मी कामाला लागलो. तळाची अवस्था चाळणीसारखी झालेली. मी काम मन लावून केलं, लबाडी केली नाही. लाकडाने माझं काय बिघडवलं होतं.

पंचमीला पाणी जहाजाच्या मागच्या टोकाला जेमतेम शिवलं. षष्ठीला तेही नाही. सप्तमीला भरती येऊन गेली, आणि पाण्यापासून जहाजापर्यंत आम्ही चाललो तर वीस पावलं भरली. खलाशांची आपसात कुजबूज सुरू झाली. हॅलकने मला बोलावलं. सगळे आजूबाजूला गोळा झाले होते.

"पाणी कुठे आहे, मेस्त्री?"

"भांगाचं पाणी आहे. रोज कमी होणार."

"परत कधी येईल?"

"पौर्णिमेनंतरच्या दुजेला."

त्याने दिवस मोजले. चेहरा तसाच होता, कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. "हे तुला आधी माहीत होतं."

"होतं."

"मग सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीत, कप्तान."

त्याने पिस्तूल काढलं आणि माझ्या कपाळाला लावलं. लोखंड उन्हाने तापलेलं होतं. माझ्या मनात देव आला नाही, घर आलं नाही. दादा फळीत पाय अडकवून बसलाय आणि भोकाची कडा त्याला काचत नाहीये, एवढंच दिसलं. तेवढ्यात बेनने विलायतीत दोन शब्द उच्चारले. मला अर्थ कळला नाही, पण हॅलकने त्याच्याकडे मान वळवली.

बेन काय म्हणाला ते मला नंतर कळलं: हात वर. आपण जमिनीवर आहोत.

दहा वर्षांत हॅलकने आपल्या माणसांना असं एका जागी, सुक्या जमिनीवर, तोफांपासून लांब उभं राहू दिलं नव्हतं. तळ घासायला जहाज चढवलं तरी दोनतीन दिवसांत परत पाण्यात. आज सहावा दिवस होता आणि समुद्र वीस पावलं लांब गेला होता. आधी एक हात वर गेला, मग चार, मग मला मोजता येईनात. ते त्याच्या विरुद्ध होते हे समजायला मला त्यांची भाषा यायची गरज नव्हती. तो सगळ्या हातांवरून नजर फिरवत गेला. मग त्याने माझ्या कपाळावरचं पिस्तूल काढलं, मुठीकडून बेनच्या पुढे धरलं आणि वाळूवर खाली बसला. तो कप्तान झाला होता तो याच रीतीने, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

बेनने मला बाजूला घेऊन खुणांनी विचारलं, पौर्णिमेपर्यंत इथे कुणी येईल का. मी खांदे उडवले, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं.

रामनवमीला सकाळी खाडीच्या तोंडाशी शिडं दिसली. आपल्या आरमाराच्या तीन गुराबा, उथळ बुडाची लढाऊ गलबतं, आणि मागे दहा-बारा मचवे. त्यांना किती ते पाणी लागतं, भांगाच्या भरतीवरही आरामात आत आल्या. इकडे जहाज कुशीवर, तोफा वाळूत. बेनने पांढरं कापड लावलं. बोलणं व्हायला फार वेळ लागला नाही. जहाज, तोफा, कैदी आणि हॅलक आरमाराला द्यायचे, बेनने आणि त्याच्या माणसांनी दोन होड्या घेऊन तोंड काळं करायचं. मी झाडाशी जाऊन दादाची साखळी तोडली. त्याचे पाय सुजले होते. त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर आज तिथी कुठली. नवमी म्हटल्यावर म्हणाला, म्हणजे अजून बाळंतपणाला वेळ आहे, आपण पोचू.

आणि पहिल्या मचव्यातून पाण्यात उडी मारून, धोतर वर खोचत, माझ्याकडे चालत आला तो हसन तांडेल.

मी त्याला हात लावून बघितला. मग ओरडलोच त्याच्यावर, चक्क शिव्या दिल्या. बारा दिवस मी त्याच्या नावाने मनात सुतक पाळलं होतं. तो हसत राहिला. म्हणाला, "अरे, पाणी दांड्यावर चढलं की जातं कुठे? किनाऱ्याकडेच जातं ना? मी आडवा झालो आणि त्याच्याबरोबर गेलो. त्या जहाजावरून उतरायचा दुसरा रस्ता सांग की मला." म्हणजे त्या सकाळी तो जे बोलला ते डोकं फिरून नव्हे. द्वादशी बघून, भरतीची वेळ बघून, किनारा जवळ आहे हे बघून त्याने ती शिक्षा मागून घेतली होती. नंतर तीन दिवस चालत आरमाराच्या ठाण्यावर गेला. आणि मी जहाज दुजेला वर चढवीन हे त्याने धरूनच ठेवलं होतं. गळकं जहाज लपवून चढवायला जवळपास आंबेळीची खाडी सोडून जागा नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीला आम्ही मचव्यातून उत्तरेला निघालो. सुकाणूवर तांडेल, वल्ह्यांवर आमचीच माणसं. मधे हॅलक, हातात बेड्या. त्याने पाणी मागितलं. तांडेलाने कमरेची बाटली काढून पुढे दिली. हॅलकने ती हातात घेतली, उलटी करून बघितली. बाटली त्याच्याच जहाजावरची होती. तो प्याला आणि मग मला म्हणाला, "तो वाळूचा दांडा कुठे आहे?"

"खाली बघा."

तो कडेवरून वाकला. पाणी नितळ होतं. कमरेएवढ्या पाण्याखाली वाळू दिसत होती, तिच्यावरून आमच्या मचव्याची सावली सरकत होती. बराच वेळ तो वाकलेलाच होता. वर बघितलं तेव्हा त्याची नजर तांडेलावर होती, आणि त्याला सगळं कळलं असावं.

मग मी आपणहून बोलायला लागलो. त्याने विचारलं नव्हतं. चंद्र आणि पाणी, उधाण आणि भांग, भरती रोज दोन घटका उशिरा येते ती कशी, तिथीवरून वेळ कशी काढायची, हे सगळं हाताखालच्या माणसाला शिकवावं तसं मी सांगत गेलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दहा वर्षांत त्याला न विचारता कुणी काही सांगितलं नव्हतं. तो अगदी कान देऊन ऐकत होता. मधेच बोटांवर मोजायचा, मान हलवायचा. ठाण्याचा बुरूज दिसायला लागला तेव्हा म्हणाला, "चांगला शिकवतोस, मेस्त्री. हे आधी सांगितलं असतंस, तर मी तुझ्या भावाला सोडलं असतं."

"कप्तान," मी म्हटलं, "फळीला भोकं मीच पाडलीत. सहा जणांची."

त्याने माझ्या हातांकडे बघितलं.

नारूदादा समोरच वल्हं मारत होता. त्याला फिरंगीतलं अक्षर कळत नाही. घाम पुसत त्याने विचारलं, "काय म्हणतो रे तो?"

"भरतीची वेळ विचारतोय," मी म्हटलं.